वासनवेल, गुळवेलीची हर्बेरियम शीट कशी करायची

हर्बेरियम शीट म्हणजे दाबून वाळवलेला वनस्पतीचा नमुना लेबलासकट चिकटवलेला कागद. साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात झुडपावर वासनवेल दिसली की लगेच ओरबाडू नका, आधी फुलं बघा, कारण वासनवेल-गुळवेलीच्या या फॅमिलीत (कुळात) नर वेल वेगळी नि मादी वेल वेगळी, जमलं तर दोन्हीचे नमुने घ्या आणि नंबर वेगवेगळे टाका. फळ मिळालं तर सोन्याहून पिवळं! आतली बी चंद्रकोरीसारखी वाकडी असते, एक साफ करून छोट्या पाकिटात घालून शीटलाच चिकटवा. नमुना वाळवायला पेपरात दाबताना एखादं पान उलटं ठेवा, पेपर रोज बदला, पावसाळ्यात बुरशी हमखास. गुळवेलीचं जाड खोड उभं चिरूनच दाबायचं. लेबलासाठी गाव, तारीख, उंची, फुलाचा रंग तिथंच वहीत लिहा, घरी येऊन काही आठवत नाही, नुसतं ‘सातारा’ लिहिलेली एक शीट माझ्याकडंच पडलीय.