जुनी स्कूल बस घेताय? आधी चाक कशावर बसलंय ते बघा

जुनी स्कूल बस घेऊन तिच्यात झोपायची-स्वयंपाकाची सोय करायची, आषाढीला दिंडीसोबत न्यायची असं मनात असंल तर सीट काढायच्या आधी खाली बसून चाकाचे नट बघा. माणसं इंजिन ऐकतात, टायर किती घासलंय ते बघतात, पण डिस्क (रिमच्या मधली भोकं असलेली लोखंडी थाळी) हबवर (ॲक्सलच्या टोकाचा, चाक ज्याला लागतं तो भाग) कशी बसलीय ते कुणी बघत नाही आणि पुढं स्टेपनी घेताना, नट बदलताना सगळा घोळ तिथंच होतो. (बॉडीत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं आरटीओची परवानगी लागते, ते काम वेगळं.)

बघायचं एकच, चाकाला मधोमध कोण धरतंय, हब का स्टड (हबमधून बाहेर आलेले आट्यांचे बोल्ट, ज्यांवर नट चढतात).

हबवर बसणाऱ्या चाकात डिस्कचं मधलं मोठं भोक हबच्या खांद्यावर घट्ट बसतं आणि स्टड फक्त दाबून धरायचं काम करतात. याचा नट खालून सपाट असतो, त्याला चकती जोडलेली असते आणि ती हातानं वेगळी फिरते. डिस्कची भोकं सरळ असतात. स्टडवर बसणाऱ्या चाकात भोकाच्या कडा आत खोलगट असतात आणि नटाचं तोंड गोल असतं, ते त्या खोलगट जागेत बसून चाक मधोमध आणतं. म्हणून या दोन्हींचे नट एकमेकांना लावायचेच नाहीत, आटे बरोबर बसले तरीपण नाही. सपाट नट खोलगट भोकावर नुसता कडेला टेकतो, तुम्हाला वाटतं आवळलाय पण धरलेलं काहीच नसतं.

स्टडवाल्या प्रकारात बऱ्याचदा डाव्या बाजूला उलटे आटे असतात, स्टडच्या टोकावर एल किंवा आर कोरलेलं आहे का ते कपड्यानं पुसून बघा. नाहीतर पंक्चरवाला गन (नट फिरवायचं यंत्र) लावून सोडवायच्या नादात अजून आवळत बसंल आणि स्टड तुटंल.

यूट्यूबवर अमेरिकेतल्या बदललेल्या स्कूल बसचे लई व्हिडिओ आहेत, तिकडं अशा बसला स्कूली म्हणतात. त्यांच्या जुन्या स्टडवाल्या बसला मागच्या जोडीत आतल्या चाकाला वेगळा लांब नट असतो आणि बाहेरचा नट त्याच्याच अंगावर चढतो. बाहेरच्या नटाच्या मधून चौकोनी टोक दिसलं की समजा हाच प्रकार. यात नुसता बाहेरचा नट आवळून आतलं चाक आवळलं जात नाही, आधी बाहेरचा ढिला करायचा, आतला आवळायचा, मग परत बाहेरचा. तिसरा डेटन म्हणून प्रकार आहे, त्याला डिस्कच नसते, ओतीव आऱ्यांच्या हबवर नुसती रिम पकडीनं धरलेली असते.

पण तिथले आकडे इथं जसेच्या तसे लावू नका. तिकडं दहा स्टडच्या हबवाल्या चाकाचं स्टड-वर्तुळ (सगळ्या स्टडच्या मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) 285.75 मिमी असतं आणि नट साधारण 610 ते 680 न्यूटन-मीटरला आवळतात, युरोपच्या पद्धतीच्या दहा स्टडला 335 मिमी असतं. दोन्हीला भोकं दहाच, म्हणून नुसती भोकं मोजून गल्लत होते. तुमच्या गाडीचं टेपनं मोजा. स्टड सम संख्येत असले तर एका स्टडच्या बाहेरच्या कडेपासून बरोबर समोरच्या स्टडच्या आतल्या कडेपर्यंत मोजलं की झालं, मध्य शोधत बसायची गरज नाही. किती आवळायचं ते मात्र गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

आता रंगाचं. बस नवी दिसावी म्हणून डिस्कला दोन-तीन हात रंग मारतात, आणि जिथं डिस्क ब्रेकच्या ड्रमला टेकते, जिथं नट बसतो तिथंही मारतात. गाडी चालली की तो रंग दबतो, आवळलेला नट आपोआप ढिला होतो. तेवढी जागा घासून स्वच्छ ठेवा. आपल्याकडच्या काळ्या मातीचंही तसंच, पावसाळ्यात शेतातल्या रस्त्यावर चाक बदललं तर डिस्कच्या मागं चिखलाचा थर राहतो, तार-ब्रशनं तो काढल्याशिवाय चाक चढवू नका.

नटाच्या भोवती लालसर ओघळ दिसले तर तो नट चालता चालता हललाय असं समजा. डिस्क उतरवून भोक लांबट झालंय का, दोन भोकांच्या मधे चीर आहे का बघा, असंल तर ती डिस्क भंगारात, वेल्डिंग नको.

नट समोरासमोरचे धरून आवळा, आधी हलके, मग पूर्ण, शेवटी टॉर्क पान्यानं (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना). नुसत्या गनवर सोडू नका. लातूरहून निघालात तर नांदेडला पोचल्यावर परत एकदा आवळून घ्या, चाक लावल्यावर 80 ते 160 किलोमीटरमधे हे करायचंच, त्यात पाण्याची टाकी, गॅस, भांडी असं सगळं वजन एका बाजूला ठेवलं असंल तर त्या बाजूला जास्त लक्ष द्या.

रिम लॉक रिंगवाली (टायर रिमवर अडकवून धरणारी वेगळी लोखंडी कडी असलेली) असली तर पूर्ण हवा सोडल्याशिवाय रिंगला हातही लावू नका, हवेत असलेली रिंग उडाली तर माणूस जातो. आणि सौदा करताना गाडीसोबत मिळणारी स्टेपनी तिथंच पुढं आणि मागं दोन्हीकडं चढवून बघायला सांगा, नुसती टपावर बांधलेली दिसली म्हणून पैसे देऊ नका.