साथीच्या काळात कारखाना निरीक्षक आले, तर या चुका टाळा

कोविडच्या साथीत नवी मुंबईतील महापे, रबाळे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील कारखान्याच्या गेटवर महापालिकेचे पथक, पोलीस आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे निरीक्षक यांपैकी कोणीही येऊन थडके. कोणाचा अधिकार कुठून आला हे न पाहता सर्वांना एकच उत्तर देणे, ही पहिली चूक. मास्कचा दंड पालिकेचे पथक करी. निरीक्षकाचा अधिकार मात्र कारखाने अधिनियम, 1948 मधून येई. ‘कोविडचे नियम या कायद्यात नाहीत’ हा व्यवस्थापनाचा युक्तिवादही फोल होता, कारण खेळती हवा, हात धुण्याची सोय आणि प्रत्येक कामगारामागे किमान 14.2 घनमीटर जागा या अटी त्यात आधीपासूनच होत्या. ही जागा मोजताना 4.2 मीटरवरील उंची धरली जात नसे, त्यामुळे शेड उंच आहे म्हणून गर्दी चालते, असे कोणी समजू नये.

निरीक्षकांना ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असे सांगून गेटवर ताटकळत ठेवणे आणि तेवढ्या वेळात कँटीनची टेबले लांब सरकवणे, हा प्रकार महागात पडू शकतो. अडथळा आणल्यास किंवा मागितलेली नोंदवही न दिल्यास कलम 95 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकत. तापमानाच्या वहीत अख्ख्या शिफ्टसमोर एकाच पेनाने, एकाच अक्षरात 98.4 लिहिलेले असेल, तर ती वही कारखान्याच्या बाजूने नव्हे, विरुद्ध बोलते.

सर्वांत गंभीर चुका काम थांबवण्याच्या आदेशाबाबत होतात. परिस्थितीमुळे कामगारांना किंवा आसपासच्या लोकांना इजा अथवा मृत्यूचा गंभीर धोका आहे असे दिसल्यास, कलम 87अ नुसार निरीक्षक भोगवटादाराला (कारखान्याच्या कारभारावर अंतिम नियंत्रण असलेल्या व्यक्तीला) लेखी आदेश देऊन, धोका दूर होईपर्यंत अत्यावश्यक कामांपुरती किमान माणसे सोडून इतरांना कामावर ठेवण्यास मनाई करू शकत. मुख्य निरीक्षकांनी मुदत न वाढवल्यास हा आदेश तीन दिवसच चाले, आणि त्याविरुद्ध अपीलही करता येई. तोंडी सूचनेलाच आदेश समजून शटर ओढणे चूक, तसेच लेखी आदेश हाती असताना मागच्या दाराने शिफ्ट चालवणे ही त्याहून मोठी चूक. बंदच्या दिवसांची मजुरी कापणे तर सरळ बेकायदा, कारण त्याच कलमाने वेतन देण्याची आणि शक्य तिथे पर्यायी काम देण्याची जबाबदारी भोगवटादारावर टाकली होती. हातावर पोट असलेल्या कंत्राटी कामगारापर्यंत ही माहिती क्वचितच पोहोचते, म्हणून युनियनने ती सूचनाफलकावर मराठीत लावावी.

तपासणीनंतर ‘तक्रार कोणी केली?’ याचा शोध घेऊ नये. तक्रार कोणी केली हे गुप्त ठेवणे निरीक्षकावर बंधनकारक होते, तेव्हा त्यांच्याकडे नाव विचारण्यातही अर्थ नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून कारखाने अधिनियमाच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 लागू झाली आहे. त्यामुळे आता उत्तर किंवा अपील लिहिताना जुन्या मसुद्यातील कलमे तशीच न उतरवता संहितेतील कलमे तपासून घ्यावीत.