जुन्या पोर्शच्या पुढच्या डिकीत आठ दिवसांचं सामान कसं बसवावं

पोर्श ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं, त्यामुळे डिकी पुढे. आमची गाडी १९७१ ची. श्टुटगार्टहून आल्प्स ओलांडून दोघांचं आठ दिवसांचं सामान या डिकीतून कितीदा तरी नेलंय. लोक आधी विचारतात, डिकी किती लिटरची? तो आकडा बाजूला ठेवा. बॅग जिथे कधीच बसणार नाही अशा खाचाकोपऱ्यांची जागाही त्यात धरलेली असते. बघायचा तो बॉनेटचा, म्हणजे या डिकीच्या झाकणाचा, उतार.

गालिचा काढा, आतलं सगळं बाहेर घ्या. स्टेपनी गाडीच्या नाकाजवळ आडवी, तिच्यामागे ६२ लिटरची पेट्रोलची टाकी, पुढच्या दोन कोपऱ्यांत दोन बॅटऱ्या. बॅटऱ्यांची झाकणं घट्ट आहेत ना ते पाहा.

मग टाकीवर नाक नेऊन वास घ्या. पेट्रोलचा जरासाही वास आला, तर टाकीला जोडलेल्या रबरी नळ्या आणि पेट्रोलच्या काट्याचं जे युनिट टाकीत बसतं त्याखालचं वायसर आधी बदला, सामानाचं नंतर. एका दिवाळीत झ्युरिकला नातेवाइकांकडे फराळ नेला. डबा घट्ट झाकणाचा, वर कापड बांधलेलं, तरी चकली तोंडात घातली की पेट्रोलच लागत होतं. सगळ्या चकल्या टाकून द्याव्या लागल्या. इंजिन मागे असल्याने ही डिकी थंड राहते, खाण्याचे पदार्थ तिथेच ठेवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. खाणं आपल्याबरोबर आत.

आता उंची. मला सगळ्यात जास्त छळलं ते या कामाने. डिकीच्या दोन्ही काठांवर पट्टी आडवी टाकून खालपर्यंत मोजा, असं जो तो सांगतो. त्या मापाचा उपयोग नाही. बॉनेट मधे काठापेक्षा वर फुगलेलं असतं, नाकाकडे उतरत जातं, आणि त्याच्या आतल्या बाजूच्या पत्र्याच्या पट्ट्या पट्टीच्या मापात येतच नाहीत. शिवाय बॉनेटच्या बिजागऱ्या काचेकडे आणि कुलूप नाकाशी. म्हणजे ती सरळ सरळ तरफ झाली. नाकाजवळची बॅग उंच असेल तर कुलूप लागत नाही, ते लगेच कळतं. काचेजवळची बॅग उंच असेल तर हाताला काहीच जाणवत नाही. बॉनेट निमूट बंद होतं आणि पत्रा वाकतो.

आमचं तसंच झालं. एका पाहुण्यांची कडक कवचाची बॅग काचेजवळ उभी ठेवली, पट्टीच्या मापात ती आरामात बसत होती. दोन तासांनी पेट्रोल भरायला थांबलो, तर लाल रंगावर, उजव्या वायपरच्या पुढे, हरभऱ्याएवढा उंचवटा. डेंटिंगवाल्याने तो बसवला, रंगही जुळवला. तरी सकाळचं तिरपं ऊन पडलं की ती जागा आजही वेगळी दिसते.

तेव्हापासून मी कणीक वापरतो. पुऱ्यांसाठी मळतो तशी घट्ट मळायची, तिचे उंच सुळके करायचे आणि प्रत्येकाला प्लॅस्टिक गुंडाळायचं. गालिचा परत अंथरून दोन सुळके काचेजवळ, दोन मधे, दोन नाकाकडे ठेवायचे. बॉनेटच्या आतल्या पट्ट्या जिथे येतात, बरोबर त्यांच्याखाली. दोन पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेत ठेवलात तर माप खोटं येईल. बॉनेट हळू टेकवून कुलूप लागेपर्यंत दाबा, उघडा, आणि दबलेली प्रत्येक कणीक विणकामाच्या सुईने मोजा. आलेल्या मापातून दोन बोटं वजा करा. हे आकडे पुठ्ठ्यावर उतरवून डिकीच्या आकाराचा साचा कापा आणि तो जपून ठेवा. घरी बॅगा त्याच्याशी लावूनच भरायच्या.

बॅगा मऊ घ्या, कापडी किंवा चामड्याच्या. चाकांची एकही नको. एका मोठ्या बॅगेपेक्षा तीन-चार लहान बऱ्या, कारण पंक्चर झालं की सगळं सामान उतरवल्याशिवाय स्टेपनी निघत नाही, आणि ते रस्त्याच्या कडेला, बहुतेक पावसात, करावं लागतं.

जड बॅग मागच्या सीटवर टाकून हलकी पुढे ठेवणारे पाहिले की जीव तुटतो. या गाडीचं नाक मुळातच हलकं. सुरुवातीच्या काही गाड्यांना कारखान्यातच पुढच्या बंपरमागे ११-११ किलोची दोन ओतीव लोखंडाची वजनं लावत असत. पुढे १९६९ च्या मॉडेलपासून मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली आणि एका बॅटरीच्या दोन करून पुढच्या कोपऱ्यांत नेल्या. तेही वजनाच्या तोलासाठीच. त्यात भरलेल्या टाकीतलं पेट्रोलच पंचेचाळीस किलोच्या आसपास, आणि ते संपत जातं तसं नाक आणखी हलकं होतं. म्हणून बूट, पुस्तकं, अवजारं पुढे, तळाशी, मधोमध. स्वेटर आणि जाकिटं मागची सीट पाडून तिच्यावर.

बॉनेट आपटू नका. नाकाजवळ, कुलुपाच्या दोन्ही बाजूंना, तळहात सपाट ठेवून दाबा. मधे दाबलंत तर पोचा येईल.

कुलूप उघडणारी तार जुनी असेल तर निघण्याआधी बदला. ती तुटली तर सामान आत आणि तुम्ही बाहेर. मी कुलुपापासून एक जादा तार बंपरखाली आणून ठेवली आहे.

धोक्याचा त्रिकोण, चमकतं जाकीट आणि प्रथमोपचाराची पेटी जर्मनीत सक्तीची आहे. ती डिकीत बॅगांखाली ठेवू नका. जाकीट सीटखाली, बाकीचं सीटमागे.