रडायचंय ना, मग आकडे घेऊन रडा

आमच्या सोसायटीत सध्या लिफ्टमधे शिरलं की एकच विषय, पैसे पुरत नाहीत. कुणाची दोन वर्षं पगारवाढ नाही, हिंजवडीच्या आयटी कंपनीत कुणाला काम न देता बेंचवर बसवलंय, कुणाचं दुकान थंड. मीपण त्यातलाच. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्या मावशींशी हुज्जत घालून ५ रुपये वाचवायचो आणि त्याच रात्री कंटाळा आला म्हणून घरबसल्या ४८० ची बिर्याणी मागवायचो, वर डिलिव्हरी आणि पॅकिंगचे वेगळे. ते कुठं कुणाला दिसतंय.

तर पहिलं काम, बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा. एका कागदावर मधोमध रेघ मारा, डावीकडे घरातले सगळे रोज कशाबद्दल कुरकुर करतात ते लिहा (प्रत्येकाला विचारा, आईलापण), आणि उजवीकडे स्टेटमेंटमधले सगळ्यात मोठे दहा खर्च. यूपीआयचे ते २०, ३०, ६० सुटेसुटे सोडू नका, चहा-वडापाव-सिगरेट एकत्र करून एकच आकडा धरा, नाहीतर यादीत येतच नाहीत. आमच्याकडे डावीकडे आलं भाजी, दूध, रिक्षा, पेट्रोल, गॅस. उजवीकडे गाडीचा हप्ता, बाहेरचं खाणं, क्लासची फी, कार्डाचं व्याज वगैरे. दोन्हीकडे असलेलं नाव एकच, पेट्रोल. बायको म्हणाली, "म्हणजे त्या मावशींशी वर्षभर उगाच भांडलास."

आता कापायला सुरुवात उजवीकडून करायची, आणि त्यातही क्रेडिट कार्ड आधी. 'मिनिमम ड्यू' (बिलातली कमीत कमी भरायची रक्कम) भरला की बिल भरलं असं वाटतं, तिथंच माणूस फसतो. समजा बिल ४०,००० आलं, तुम्ही २,००० भरले, उरलेल्या ३८,००० वर महिन्याला साडेतीन टक्के धरले तरी १,३३० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि वर थकबाकी आहे तोवर नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, म्हणजे उद्या घेतलेल्या किराण्यावरपण पहिल्या दिवसापासून व्याज. एफडी मोडायची वेळ आली तरी चालेल, वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास व्याज भरून सात टक्क्यांची एफडी सांभाळण्यात काही अर्थ नाही. मी सांभाळली होती, आठ महिने.

मग यूपीआय ॲपमधे ऑटोपे (दर महिन्याला आपोआप कापले जाणारे पैसे) उघडा. आमचे तीन ओटीटी आणि एक इंग्लिश शिकायचं ॲप निघालं, जे पोराने लॉकडाऊनमधे उघडून चार दिवसात सोडलं होतं. तिथल्या तिथे बंद करता येतं, दोन मिनिटांचं काम.

घराच्या कागदांकडे पण बघा. स्वतःच्या घरात राहत असाल तर पुणे महापालिकेच्या मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, ती बिलात दिसत नसेल तर पीटी-३ फॉर्म भरावा लागतो. विजेचं म्हणाल तर ३०० युनिटच्या वर गेलं की सगळंच बिल महाग दराने येतं हा गैरसमज आहे, वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो, पण १०० नंतरचा दर चांगलाच चढतो. त्यामुळे गीझर विसरून चालू ठेवणाऱ्याला घरात जरा ओरडा.

भाजीचं काय? मार्केट यार्डात स्वस्त मिळते हे खरं, पण कोथरूडहून एकट्याने गाडी काढून ६० रुपये वाचवायला गेलात तर पेट्रोलातच गेले. चार घरांनी मिळून कांद्याची गोणी आणा, वाटून घ्या, तेव्हा परवडतं (वाटताना वजनावरून भांडणं होतात, काटा आधी आणून ठेवा). वनाझ-रामवाडी मार्गावर काम असेल तर मेट्रोने जा, शनिवार-रविवार तिकिटावर ३० टक्के सूट असते. पार्किंग शोधत लक्ष्मी रोडला तीन चकरा माराव्या लागत नाहीत हा वरचा फायदा.

दोन गोष्टींना मात्र हात लावू नका. आरोग्य विमा, आणि कामाला येणाऱ्या ताईंचा पगार. महागाई त्यांच्याकडेपण तेवढीच आहे आणि त्यांच्याकडे मोडायला एफडी नाही. आमच्या मजल्यावर एकांनी ताईंचे ५०० कमी केले आणि त्याच आठवड्यात नवीन फोन घेतला, ईएमआयवर. बोललो नाही काही, पण लक्षात आहे.

कागद फ्रिजला चिकटवून ठेवा आणि दर १ तारखेला नवीन करा. आमचा तिसरा महिना चालू आहे, बाहेरचं खाणं दुसऱ्या नंबरवरून सातव्यावर आलंय, कार्ड यादीतून गेलं. डावीकडच्या यादीत सगळ्यात वर आईने परवा पेनाने ठळक लिहिलंय, कोथिंबीर.