अपडेटनंतर बंद पडलेला राउटर पुन्हा चालू कसा करावा

फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारा त्याच्या आतला प्रोग्रॅम, अपडेट होत असताना वीज गेली किंवा भलत्याच आवृत्तीची फाइल चढवली गेली, की राउटरवर फक्त पॉवरचा दिवा उरतो, वाय-फायचे नाव दिसेनासे होते आणि सेटिंगचे पान काही केल्या उघडत नाही. बहुतेक घरांत अशा वेळी राउटर गेला असे समजून नवा आणला जातो. प्रत्यक्षात यांतले बरेच राउटर खोक्याचा एकही स्क्रू न काढता दुरुस्त होतात. त्यासाठी लागतो एक लॅपटॉप, एक नेटवर्क केबल, त्या राउटरची नेमकी फाइल आणि घाई नसलेला तासाभराचा वेळ. येथे टीपी-लिंकचे आर्चर सी ७ हे मॉडेल समोर ठेवून पद्धत सविस्तर सांगितली आहे, कारण त्याच कंपनीच्या इतर अनेक मॉडेलांना ती थोड्याफार फरकाने लागू पडते. बाकीच्या कंपन्यांचे मार्ग पुढे थोडक्यात दिले आहेत.

एक गोष्ट मात्र आधीच तपासावी. फायबरच्या जोडणीबरोबर इंटरनेट कंपनीने बसवून दिलेला ओएनटी, म्हणजे ज्याच्या पाठीमागे थेट फायबरची बारीक वायर जाते तो खोका, बंद पडला असेल तर त्याला हात लावू नये. त्याचे फर्मवेअर कंपनी स्वतःच दुरून बदलते, ते सहसा जाहीरपणे मिळत नाही आणि तो खोका बहुधा कंपनीच्याच मालकीचा असतो. तेथे तक्रार नोंदवून तो बदलून घेणे हाच मार्ग आहे. पुढील सर्व मजकूर आपण स्वतः विकत घेतलेल्या राउटरसाठी आहे, आणि तोही वॉरंटीत असेल तर प्रथम कंपनीच्या सेवा केंद्राकडे नेणे शहाणपणाचे.

आत काय बिघडलेले असते

राउटरच्या आत एक छोटी फ्लॅश मेमरी असते. जुन्या स्वस्त राउटरमध्ये ती अवघी ४ एमबीची असे. आर्चर सी ७ च्या बहुतेक आवृत्त्यांमध्ये ती १६ एमबीची आहे. या मेमरीच्या अगदी सुरुवातीला बूटलोडर नावाचा लहानसा प्रोग्रॅम असतो. वीज मिळाली की सर्वांत आधी तो जागा होतो आणि मग मुख्य फर्मवेअर सुरू करून देतो. नेहमीच्या अपडेटमध्ये मुख्य फर्मवेअरची जागा पुसून तेथे नवे लिहिले जाते, बूटलोडरला सहसा धक्का लागत नाही. म्हणून लिहिणे अर्ध्यावर तुटले तरी बूटलोडर शाबूत राहतो, आणि तो शाबूत आहे तोवर त्याच्याकडून नवी फाइल पुन्हा लिहून घेता येते. खालील सगळी खटपट बूटलोडरला योग्य क्षणी थांबवून त्याच्या हातात योग्य फाइल देण्यासाठी आहे.

त्याच मेमरीच्या शेवटाकडे आणखी एक लहान भाग असतो, ज्यात त्या विशिष्ट नगाच्या वाय-फाय रेडिओचे कारखान्यात मोजून भरलेले आकडे असतात. हे आकडे प्रत्येक नगाचे वेगळे असतात. दुसऱ्या राउटरच्या मेमरीची संपूर्ण नक्कल आपल्या राउटरवर उतरवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. तसे केल्यास आपले मूळ आकडे पुसले जातात, आणि आधी त्यांची प्रत काढून ठेवलेली नसेल तर ते परत मिळत नाहीत.

आधी तपासणी

दोष अपडेटचाच आहे असे गृहीत धरू नये. अपडेटच्या शेवटी राउटर रीस्टार्ट होतो, आणि दमलेला अॅडॉप्टर नेमका अशाच वेळी उघडा पडतो. त्याच व्होल्टचा, तितक्याच किंवा अधिक अँपिअरचा आणि त्याच मापाच्या पिनेचा दुसरा अॅडॉप्टर लावून पाहावा. त्यानंतर राउटर चालू असताना रीसेटचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवावे आणि दोन-तीन मिनिटे वाट पाहावी. कधी कधी नवे फर्मवेअर नीट चढलेले असते, फक्त जुन्या सेटिंगशी त्याचे जुळत नाही, आणि एवढ्यानेच काम होते.

तरीही काही हालचाल नसेल तर दिव्यांकडे नीट पाहावे. दिवे ठरावीक अंतराने सगळे एकदम पेटून विझत असतील तर राउटर पुनःपुन्हा रीस्टार्ट होतो आहे, म्हणजे बूटलोडर जिवंत आहे आणि मुख्य फर्मवेअर खराब आहे. ही सर्वांत आशादायक खूण. फक्त पॉवरचा दिवा स्थिर असेल तरी आशा सोडू नये. एकही दिवा लागत नसेल आणि अॅडॉप्टर ठीक असेल, तर बूटलोडरच गेला असण्याची किंवा सर्किटमध्ये बिघाड झाला असण्याची शक्यता मोठी असते.

नेमकी फाइल

या कामातल्या बहुतेक अपयशांचे मूळ फाइलमध्ये असते, म्हणून येथे वेळ खर्च करावा. राउटरच्या तळाशी असलेल्या लेबलवर मॉडेलच्या नावाशेजारी 'व्हर्जन' असे लिहून पुढे आकडा छापलेला असतो. ही यंत्राची आवृत्ती, फर्मवेअरची नव्हे. आर्चर सी ७ ची दुसरी आवृत्ती आणि पाचवी आवृत्ती ही नावाने एक असली तरी फर्मवेअरच्या दृष्टीने वेगवेगळी यंत्रे आहेत. एकीची फाइल दुसरीला चालत नाही. त्याखेरीज देशानुसारही फाइली वेगळ्या असतात, तेव्हा भारतात घेतलेल्या राउटरसाठी कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावर जाऊन तीच आवृत्ती निवडून फाइल उतरवावी. इंटरनेट बंद असल्यामुळे हे काम मोबाइलचा हॉटस्पॉट वापरून करावे लागेल. ज्या अपडेटने घात केला तीच फाइल पुन्हा वापरण्यापेक्षा त्याच यंत्रासाठीचे तिच्या आधीचे फर्मवेअर मिळाल्यास ते घ्यावे.

उतरलेली फाइल झिप स्वरूपात असते. ती उघडून आतली 'बिन' प्रकारची फाइल बाहेर काढावी. जुन्या मॉडेलांच्या काही फाइलींच्या नावात 'बूट' हा शब्द इंग्रजी अक्षरांत आढळतो. त्याचा अर्थ फाइलच्या सुरुवातीला बूटलोडरही जोडलेला आहे, आणि तशीच ती लिहिली तर सर्व मजकूर चुकीच्या जागी जाऊन बसतो. अशा वेळी 'बूट' नसलेली फाइल शोधावी. ती नसल्यास पहिले १,३१,५८४ बाइट कापून टाकावे लागतात. लिनक्स किंवा मॅकवर डीडी या आज्ञेला ५१२ बाइटचे २५७ ठोकळे वगळण्यास सांगितले की नेमके तेवढेच कापले जातात.

बूटलोडरच्या हाती फाइल देणे

आर्चर सी ७ चा बूटलोडर रीसेट दाबलेल्या स्थितीत सुरू झाला की स्वतःला १९२.१६८.०.८६ हा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर यंत्र ओळखण्याचा आकडा, घेतो आणि १९२.१६८.०.६६ या पत्त्यावरच्या संगणकाकडे टीएफटीपी या साध्या पद्धतीने एका ठरलेल्या नावाची फाइल मागतो. म्हणून लॅपटॉपचे वाय-फाय बंद करावे आणि त्याच्या केबलच्या जोडणीला १९२.१६८.०.६६ हा स्थिर पत्ता व २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क द्यावा. गेटवेची जागा रिकामी ठेवली तरी चालते. केबलचे दुसरे टोक राउटरच्या लॅन पोर्टमध्ये, म्हणजे घरातली यंत्रे जोडण्याच्या पोर्टमध्ये, घालावे, इंटरनेटसाठीच्या निराळ्या रंगाच्या पोर्टमध्ये घालू नये.

विंडोजवर टीएफटीपीडी६४ हा मोफत प्रोग्रॅम या कामासाठी उत्तम आहे. तो एका स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवावा, फर्मवेअरची फाइल त्याच फोल्डरमध्ये घालावी, प्रोग्रॅममध्ये तो फोल्डर आणि १९२.१६८.०.६६ हा पत्ता निवडावा. विंडोजचे फायरवॉल परवानगी विचारते तेव्हा खाजगी आणि सार्वजनिक दोन्ही प्रकारच्या नेटवर्कसाठी ती द्यावी, किंवा तेवढ्या वेळापुरते फायरवॉल बंद ठेवावे. काम झाल्यावर ते पुन्हा चालू करण्यास विसरू नये.

आता फाइलचे नाव. पाचव्या आवृत्तीचा बूटलोडर 'आर्चरसी७व्ही५', मग अंडरस्कोअर, 'टीपी', अंडरस्कोअर आणि 'रिकव्हरी' अशा नावाची 'बिन' फाइल मागतो. यात आर्चरचा ए आणि 'सी७' मधला सी ही दोनच अक्षरे मोठ्या लिपीत आहेत आणि कुठेही मोकळी जागा नाही. इतर मॉडेलांची नावे याच धर्तीची पण निराळी असतात, आणि काही राउटर पत्ताही वेगळा धरतात. उदाहरणार्थ, डब्ल्यूआर ८४१ एन च्या तेराव्या आवृत्तीला लॅपटॉप १९२.१६८.०.२२५ या पत्त्यावर लागतो आणि ती नुसत्या 'टीपी अंडरस्कोअर रिकव्हरी' या नावाने फाइल मागते. नाव पाठ असण्याची गरज नाही, कारण राउटर ते स्वतःच सांगतो. पत्ता बरोबर असेल तर टीएफटीपीडी६४ च्या नोंदींच्या खिडकीत राउटरची मागणी कोनी कंसातल्या फाइलच्या नावासह उमटते, आणि तशी फाइल फोल्डरमध्ये नसल्यास तिच्याखाली फाइल सापडत नसल्याची ओळ येते. ही ओळ वाचून कित्येकांचा धीर सुटतो, पण ती खरे तर चांगली बातमी आहे: राउटर जिवंत आहे, केबल ठीक आहे, पत्ता अचूक आहे आणि चूक फक्त नावात आहे. कंसातले नाव अक्षर न् अक्षर उतरवून आपल्या फाइलला द्यावे. विंडोज फाइलच्या नावातला शेवटचा भाग लपवत असेल तर तो आधी दिसू द्यावा, नाहीतर नावाच्या शेवटी 'बिन' दोनदा लागते आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

एवढी तयारी झाली की राउटर बंद करावा, रीसेटचे बटण टोकदार काडीने दाबून धरावे आणि ते तसेच दाबलेले ठेवून राउटर चालू करावा. दुसऱ्या आवृत्तीत रीसेट आणि डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता वाय-फाय जोडण्याची सोय) यांचे बटण एकच आहे. डब्ल्यूपीएसचा दिवा लागला की बटण सोडावे. फाइल काही सेकंदांत राउटरकडे जाते, पण तेथून पुढे ती मेमरीत लिहिली जाण्यास काही मिनिटे लागतात आणि या काळात बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. या वेळी राउटर बंद करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. राउटर आपोआप रीस्टार्ट होऊन दिवे नेहमीप्रमाणे लागेपर्यंत त्याला हात लावू नये. ज्या भागात वीज वरचेवर जाते तेथे हे काम इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर राउटर लावूनच करावे.

नोंदींमध्ये काहीच उमटले नाही तर बहुतेक वेळा दोष लॅपटॉपच्या गतीचा असतो. राउटर बंद-चालू होताना केबलची जोडणी तुटते व पुन्हा जुळते, विंडोजला ती ओळखण्यास काही सेकंद लागतात, आणि तोवर बूटलोडर मागणी करून पुढे निघून गेलेला असतो. यावर एक साधा उपाय फार उपयोगी पडतो: राउटर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये पाच पोर्टचा एखादा स्वस्त नेटवर्क स्विच ठेवावा. मग लॅपटॉपची जोडणी स्विचशी अखंड राहते आणि पहिली मागणीही निसटत नाही. याने भागले नाही तर लॅपटॉपवर दुसरा एखादा आभासी नेटवर्क अॅडॉप्टर चालू आहे का, अँटिव्हायरस स्वतंत्र फायरवॉल चालवत आहे का, आणि बटण पुरेसा वेळ दाबले जाते का, हे क्रमाने पाहावे.

इतर कंपन्यांचे राउटर

असुसचा राउटर रीसेट दाबून चालू केला आणि पॉवरचा दिवा सावकाश लुकलुकू लागला की तो बचाव स्थितीत गेला असे समजावे. लॅपटॉपला १९२.१६८.१.१० हा पत्ता देऊन कंपनीचा 'फर्मवेअर रिस्टोरेशन' हा प्रोग्रॅम चालवावा. नेटगियरमध्ये दिशा उलट असते: तेथे राउटर फाइल मागत नाही, तर पॉवरचा दिवा लुकलुकत असताना लॅपटॉपवरून १९२.१६८.१.१ कडे ती बायनरी पद्धतीने पाठवावी लागते. हेच काम एनएमआरपीफ्लॅश हा मोफत प्रोग्रॅम बऱ्याच मॉडेलांवर अधिक सोपे करतो. डी-लिंकच्या अनेक राउटरमध्ये रीसेट दाबून चालू केल्यावर १९२.१६८.०.१ वर आणीबाणीचे एक साधे पान उघडते आणि तेथूनच फाइल चढवता येते. लिंक्सिसच्या बऱ्याच मॉडेलांत फर्मवेअरच्या दोन प्रती असतात. सुरू होता होता राउटर लागोपाठ तीनदा बंद केला की पुढच्या वेळी दुसऱ्या प्रतीवरून सुरू होतो. मायक्रोटिकसाठी कंपनीचाच नेटइन्स्टॉल हा प्रोग्रॅम आहे.

यांपैकी काहीच चालले नाही तर उरतो तो राउटर उघडून सर्किटवरच्या सीरियल पिनांना यूएसबी अडॅप्टर जोडण्याचा मार्ग. त्यासाठी ३.३ व्होल्टचाच अडॅप्टर लागतो. ५ व्होल्टचा लावल्यास चिप जळू शकते. ग्राउंड, पाठवण्याची आणि घेण्याची अशा तीनच तारा जोडाव्यात, विजेची तार जोडू नये, आणि वेग बहुधा सेकंदाला १,१५,२०० बिट ठेवावा लागतो. हे काम डाग देता (सोल्डरिंग करता) येणाऱ्यानेच करावे. इतरांनी मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणाऱ्या कारागिराला दाखवावे, कारण फ्लॅशची चिप प्रोग्रॅमर नावाच्या उपकरणाने लिहिणे हे अशा अनेकांच्या रोजच्या कामातले असते.

चालू झाल्यानंतर

लॅपटॉपचा स्थिर पत्ता काढून तो पुन्हा आपोआप पत्ता घेण्यावर ठेवावा, अन्यथा इंटरनेट न मिळाल्याचा दोष नाहक राउटरवर येतो. राउटर आता कारखान्यातून आल्यासारखा कोरा असतो. पीपीपीओई, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन इंटरनेट जोडण्याची पद्धत, वापरणाऱ्या जोडणीत युजरनेम आणि पासवर्ड भरावे लागतात. ते जवळ नसल्यास केबलवाल्याकडून किंवा कंपनीकडून आधीच मागवून ठेवावेत. काही जोडण्यांत व्हीलॅनचा (एकाच वायरवरचे वेगळे नेटवर्क ओळखण्याचा) आकडाही लागतो. काही स्थानिक केबलवाले ग्राहकाच्या राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा कारखान्यात दिलेला ओळख क्रमांक, आपल्याकडे नोंदवून ठेवतात. तेव्हा सर्व काही बरोबर भरूनही जोडणी होत नसेल तर मॅक पत्ता तळाच्या लेबलवरच्या पत्त्याशी जुळतो का ते पाहावे आणि नसेल तर केबलवाल्याला नवा पत्ता कळवावा. अॅडमिनचा पासवर्ड त्याच बैठकीत बदलावा. जुन्या फर्मवेअरवर काढलेली सेटिंगची बॅकअप फाइल वेगळ्या आवृत्तीवर चढवू नये, सेटिंग हातानेच भरावी, आणि ती भरून झाल्यावर नवी बॅकअप फाइल, चाललेली फर्मवेअरची फाइल व राउटरने मागितलेले तिचे नाव एकाच फोल्डरमध्ये जपून ठेवावे.