सीएचएन ॲनालायझर (नमुना जाळून त्यातलं कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजनचं प्रमाण मोजणारं यंत्र): कमी वजनाला नायट्रोजन जास्त येत असेल तर

ॲसिटानिलाइड (नायट्रोजनचं प्रमाण आधीच माहीत असलेला पदार्थ) २ मिग्रॅ घेतलं की नायट्रोजन बरोबर (१०.३६%), ०.५ मिग्रॅला मात्र ११ च्या वर. कार्बन ठीक. लीक टेस्ट पास. रिडक्शन ट्यूबमधलं (नायट्रोजनच्या ऑक्साइडचं नायट्रोजन करणारं) तांबं बदलूनही फरक नाही. फार वैताग आला. दोष सॉफ्टवेअरच्या सॅम्पल टेबलमध्ये होता: रिकाम्या कॅप्सूलच्या (नमुना गुंडाळायची टिनची डबी) ओळींचा प्रकार 'अननोन' (अज्ञात नमुना), त्यामुळे ब्लँक (रिकाम्या कॅप्सूलचं वाचन) वजाच होत नव्हता. कॅप्सूलमध्ये अडकलेली हवा दरवेळी साधारण तेवढीच असते, म्हणून लहान नमुन्यात चूक मोठी दिसते.

योग्य क्रम असा: आधी दोन बायपास रन (यंत्र तयार करायला, हिशेबात न धरले जाणारे). मग नमुन्यासारखीच घडी घातलेल्या रिकाम्या टिन कॅप्सूल, प्रकार 'ब्लँक', पीक एरिया (आलेखातल्या शिखराचं क्षेत्रफळ) स्थिरावेपर्यंत. नंतर ०.५ ते २.५ मिग्रॅ स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचा पदार्थ), पाच वजनं. प्रत्येक पीकची बेसलाइन (शिखराखालची पायारेषा) डोळ्यांनी तपासा, मगच कॅलिब्रेशन रेषा काढा. शेवटी पडताळणीसाठी सल्फानिलामाइड (हाही माहीत प्रमाणाचा पदार्थ) 'अननोन' म्हणून चालवा: नायट्रोजन १६.२७ ± ०.३ मध्ये यायला हवा.