रात्रीचा लाडका कारंजे-शो नव्याने बसवताना

नाशिककरांना संगीत कारंज्याचे अप्रूप आजचे नाही. पांडवलेणीच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारकातील कारंजे आईवडिलांचे बोट धरून पाहिलेली मुले आता स्वतःच्या मुलांना घेऊन थीम पार्कमध्ये जातात, आणि दिवसभर पाण्यात खेळून दमल्यावरही रात्रीचा पाणी-प्रकाश-आवाजाचा शो पाहिल्याशिवाय गेटबाहेर पडायला तयार नसतात. असा शो दहा-बारा वर्षे चालला की दिवे मंदावतात, पंप कुरकुरू लागतात, निवेदन जुने वाटते, आणि व्यवस्थापनाच्या बैठकीत ‘आता सगळेच नवीन करू’ असे ठरते. ‘सगळेच’ या शब्दापाशी थोडे थांबावे, एवढ्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

माझे म्हणणे असे की यंत्रणा आणि कथा एकाच हंगामात बदलू नयेत. आधी जुनाच शो नव्या यंत्रणेवर हुबेहूब चालवून दाखवावा आणि तो तसा चालू लागल्यावरच त्यातील प्रसंगांना हात लावावा. दोन्ही एकदम बदलले आणि प्रेक्षक नाराज झाले, तर चूक नव्या पंपांची, नव्या दिव्यांची की नव्या संहितेची हे कोणालाच सांगता येत नाही. मग प्रत्येक ठेकेदार दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि दुरुस्तीचे पैसे पार्कच्या खिशातून जातात.

जुन्या शोची नोंद

काम सुरू करण्यापूर्वी जुना शो प्रेक्षकांच्या मधल्या रांगेतून, कॅमेरा न हलवता, संपूर्ण चित्रित करावा. एका रात्रीवर भागवू नये. वारा असलेली एक आणि वारा पडलेली एक अशा निदान दोन रात्री घ्याव्यात. दुसरा कॅमेरा प्रेक्षकांकडे तोंड करून लावावा, आणि माझ्या अनुभवात हाच जास्त उपयोगी पडतो. कोणत्या मिनिटाला मोबाइल वर जातात, लहान मुले कुठे उभी राहून नाचू लागतात, कोणते वाक्य निवेदकाच्या आधीच मागच्या रांगेतून ऐकू येते आणि कुठे माणसे उठून जातात, हे सगळे त्यात वेळेसह सापडते. त्याच्या जोडीला कणसे आणि भेळ विकणाऱ्यांना विचारावे. शो चालू असताना त्यांच्या गाडीवर गिऱ्हाईक कधी वाढते हे त्यांना घड्याळ न पाहता सांगता येते; गाडीवर गर्दी होते तिथे शो ढिला आहे, आणि गाडी ओस पडते तिथे लोकांचा जीव गुंतला आहे असे समजावे.

या नोंदीतून पाच-सहा क्षण हाती येतात. ते कागदावर लिहून सर्व ठेकेदारांच्या सह्या घ्याव्यात: या क्षणांचा आवाज, रंग आणि वेळ बदलायची नाही. उरलेल्या भागाबद्दल मग मोकळेपणाने बोलता येते.

मोठ्या पार्कांनाही हे चुकलेले नाही. फ्लोरिडातील मॅजिक किंगडममध्ये १२ मे २०१७ पासून चाललेला ‘हॅपिली एव्हर आफ्टर’ हा आतषबाजीचा शो १ ऑक्टोबर २०२१ रोजी, वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या पन्नाशीच्या निमित्ताने, बाजूला ठेवून ‘एन्चांटमेंट’ आणला गेला. पण ३ एप्रिल २०२३ रोजी जुनाच शो परत आला. परत येताना मेन स्ट्रीट या पार्कमधल्या मुख्य रस्त्याच्या इमारतींवर नवी प्रक्षेपणे जोडली गेली, गाणे मात्र तेच राहिले. त्याच रिसॉर्टमधील ‘फॅन्टॅस्मिक’ नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला, तेव्हा मिकीच्या स्वप्नाची चौकट आणि शेवट कायम ठेवून मधला एक प्रसंग बदलण्यात आला होता. आपल्याकडचे बजेट त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, पण मधले बदलून टोके राखण्याची रीत फुकट आहे.

आवाज

बहुतेक ठिकाणी मूळ ध्वनिमुद्रणाच्या नावाखाली कंट्रोल रूमच्या संगणकावरची एक एमपीथ्री फाइल तेवढी उरलेली असते. ज्या स्टुडिओत काम झाले तिथे संगीत, निवेदन आणि ध्वनिपरिणाम यांचे वेगळे ट्रॅक आहेत का, हे सर्वांत आधी शोधावे. ते मिळाले तर निवेदकाचा आवाज न बदलता संगीत स्वच्छ करता येते. लोकांच्या कानात बसलेला आवाज बदलण्याची घाई अजिबात करू नये. एखादे वाक्य कालबाह्य झाले असेल तर ते काढून त्या जागी संगीत वाढवणे, हे दुसऱ्या निवेदकाकडून एकच वाक्य बोलवून घेण्यापेक्षा कधीही चांगले दिसते.

चित्रपटगीते वापरली असतील तर परवान्यांची कागदपत्रे पुन्हा तपासावीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो, आणि गीतकार व संगीतकार यांचा हक्क त्यांच्या निधनानंतर साठ वर्षे. जुन्या गाण्याची चाल नव्या वाद्यमेळात बसवायची झाल्यास पूर्वी घेतलेला वाजवण्याचा परवाना पुरेलच असे नाही.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, त्यामुळे शेवटचा शो पावणेदहापर्यंत संपेल असेच वेळापत्रक करावे. नाशिकला जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या आतच. म्हणजे उन्हाळ्यात दोन शो बसवणे जिकिरीचे होते, तर थंडीत आरामात बसतात. शोची लांबी ठरवताना हा हिशेब आधी करावा.

प्रेक्षक लांबवर पसरलेले असतील तर मागच्या खांबांवरील स्पीकरना उशीर द्यावा लागतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, त्यामुळे सत्तर मीटर मागे बसलेल्याला पुढच्या स्पीकरचा आवाज सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतका उशिरा पोहोचतो. मागचा स्पीकर त्याच क्षणी वाजला तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

पाणी

शोचा प्राण इथे आहे आणि बहुतेक नूतनीकरणे इथेच फसतात. दहा मीटर उंच जाणाऱ्या धारेला नोझलमधून निघून टोकाला पोहोचायला गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने सुमारे १.४ सेकंद लागतात, वीस मीटरच्या धारेला दोन सेकंद. त्यात पंपाला वेग घ्यायला लागणारा वेळ मिळवावा. म्हणून प्रोग्रॅमिंग करणारा माणूस पंपाची आज्ञा संगीतातील ठोक्याच्या तेवढी आधी टाकतो. जुने पंप काढून नवे, झटकन वेग घेणारे पंप बसवले की ह्या सगळ्या आज्ञा चुकीच्या ठरतात. पाणी ठोक्याच्या आधीच टोकाला पोहोचून खाली यायला लागते. प्रेक्षकाला नेमके काय बिघडले ते सांगता येत नाही, पण ‘पूर्वीसारखी मजा राहिली नाही’ एवढे तो हमखास सांगतो.

यावरचा उपाय कष्टाचा असला तरी स्वस्त आहे. पंपाच्या आज्ञेबरोबर पेटणारा एक छोटा एलईडी कॅमेऱ्याच्या चौकटीत येईल असा लावावा, साध्या मोबाइलच्या स्लो मोशनवर प्रत्येक धारेचे चित्रण करावे, आणि दिवा पेटल्यापासून पाणी टोकाला पोहोचेपर्यंतच्या फ्रेम मोजाव्यात. आधी जुन्या पंपांवर आणि मग नव्यांवर हे मोजून दोन रकाने शेजारी मांडले की प्रत्येक आज्ञा किती पुढे-मागे सरकवायची ते कळते. जुने पंप उखडून भंगारात गेल्यावर हा पहिला रकाना पुन्हा कधीच भरता येत नाही, म्हणून मोजमाप झाल्याखेरीज ठेकेदाराला कामाला हात लावू देऊ नये.

नाशिकमध्ये शेवटच्या प्रसंगात नाशिक ढोल असावा ही मागणी होणारच, आणि ती रास्त आहे. पण दहा मीटरची धार वर जाऊन खाली येईपर्यंत जवळजवळ तीन सेकंद जातात, आणि तेवढ्या वेळात ढोलावर कितीतरी ठोके पडून गेलेले असतात. उंच धारांना ढोलाच्या मागे पळवले की पाण्याचा नुसता गोंधळ दिसतो. अशा वेळी ठोका दिव्यांना आणि अर्धा मीटर उंचीच्या बुटक्या धारांना द्यावा, आणि उंच धारा पूर्ण आवर्तनाला सोडाव्यात. बजेट असेल तर दाबलेल्या हवेवर चालणारे शूटर बसवावेत; ते पाण्याचा गोळा एका झटक्यात फेकतात आणि ढोलाला शोभून दिसतात.

बोअरवेलचे जड पाणी वापरात असेल तर नोझलच्या तोंडावर पांढरा थर धरतो आणि धार एका अंगाला कलते किंवा फाटते. हा थर तारेने खरवडू नये, कारण त्याने भोक मोठे होते आणि ती धार शेजारच्या धारेशी कधीच जुळत नाही. नोझल काढून सायट्रिक ॲसिडच्या द्रावणात भिजत ठेवावे आणि नरम ब्रशने पुसावे. नवी नोझल घ्यायच्या आधी हे करून पाहावे; अर्धी खरेदी वाचते असा माझा कयास आहे. पाण्याचे तुषार प्रेक्षकांच्या श्वासात जातात, त्यामुळे क्लोरीनची तपासणी जलतरण तलावाइतकीच नियमित हवी.

उन्हाळ्यात संध्याकाळी पश्चिमेचा वारा असतो. वारामापक बसवून तीन पातळ्यांचे प्रोग्रॅम तयार ठेवावेत: नेहमीचा, धारा कमी उंचीच्या, आणि जलपडदा, म्हणजे चित्र दाखवण्यासाठी उडवलेला पाण्याचा पडदा, पूर्ण बंद असलेला.

प्रकाश आणि पडदा

हॅलोजन काढून एलईडी बसवणे हा आता वादाचा मुद्दा राहिलेला नाही. फरक पडतो तो विझण्यात. हॅलोजनची तार हळूहळू निवते, म्हणून जुन्या शोमधला प्रकाश मावळल्यासारखा जाई. एलईडी तोडल्यासारखा जातो. फेडची, म्हणजे प्रकाश हळूहळू विझण्याची, वक्ररेषा हाताने दुरुस्त केल्याशिवाय जुन्या प्रसंगाचा भाव परत येत नाही. जुन्या काचेच्या फिल्टरमधून येणारा अंबर रंगही आकडे टाकून मिळत नाही. एक जुना दिवा चालू ठेवून नवा त्याच्या शेजारी लावावा आणि पाण्यावर पडलेला रंग डोळ्यांनी जुळवावा.

दिव्यांना आज्ञा पोहोचवणाऱ्या डीएमएक्स पद्धतीत एका जोडणीला युनिव्हर्स म्हणतात आणि त्यात ५१२ चॅनल असतात. जुन्या एकरंगी दिव्याला एक चॅनल पुरे. लाल-हिरवा-निळा-पांढरा अशा चार रंगांच्या दिव्याला चार लागतात, म्हणजे एका युनिव्हर्सवर १२८ दिवेच बसतात. जुन्या कंट्रोलरवर नवे दिवे जोडून घेऊ असे कोणी सांगितले तर आधी ही मोजणी करायला लावावी. पाण्याखालचे दिवे कमी व्होल्टचेच घ्यावेत, प्रत्येक सर्किटवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा आणि अर्थिंगची मोजणी लेखी घ्यावी. इथे घासाघीस करू नये.

जलपडद्यावर चित्र टाकणारा प्रोजेक्टर पडद्याच्या मागे ठेवावा लागतो, कारण पाण्याचे थेंब प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने पसरवतात आणि समोरून टाकलेले चित्र फिके पडते. मात्र लेन्स प्रेक्षकांच्या सरळ नजरेत आली तर पडद्याच्या मधोमध पांढरा डोळा दिसतो. ती थोडी खाली किंवा वर ठेवून चित्राचा तिरकेपणा दुरुस्त करावा.

यंत्रणा दिवसा कशी दिसेल हेही पाहावे. वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्याच एपकॉट पार्कमधील ‘हार्मोनियस’ या शोसाठी तलावात उभे केलेले प्रचंड तराफे दिवसभर डोळ्यांसमोर असत आणि त्यावर बरीच टीका झाली, १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेला तो शो २ एप्रिल २०२३ ला संपला आणि तराफे हलवले गेले. आपल्या तळ्याकाठी तर सकाळी शाळांच्या सहली डबे खायला बसतात.

आगीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: लहान पार्कने तिच्या वाटेला जाऊ नये. कॅलिफोर्नियातील डिस्नीलँडमध्ये २२ एप्रिल २०२३ च्या रात्री ‘फॅन्टॅस्मिक’मधला यांत्रिक ड्रॅगनच पेटला, शो थेट मे २०२४ मध्ये परत आला, आणि तोही ड्रॅगनविना. ड्रोनचा विचार असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा, ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा नकाशा उघडावा. ओझरचा विमानतळ आणि देवळालीचे लष्करी क्षेत्र जवळ असल्यामुळे पुष्कळदा बेत तिथेच आटोपतो.

मग कथा

नव्या यंत्रणेवर जुना शो एक हंगाम सुरळीत चालला, की मधला प्रसंग घ्यावा. २०२७ च्या सिंहस्थामुळे गोदावरी आणि पंचवटी घ्यावी असे प्रत्येक जण सुचवील. घ्यायला हरकत नाही, पण दिवसभर घसरगुंड्यांवर खेळलेल्या मुलांपुढे माहितीपट लावू नये, आणि श्रद्धेच्या विषयावर पॉपकॉर्न खात पाहण्याजोगा विनोद तर मुळीच करू नये. शिर्डीहून येणारे गुजराती आणि तेलुगू भाषिक प्रेक्षक लक्षात घेऊन निवेदन हिंदी करण्यापेक्षा मराठी निवेदनातले शब्द निम्मे करावेत. पाण्यावर चालणाऱ्या कथेला तसेही फार शब्द लागत नाहीत.

प्रोग्रॅमिंगसाठी अंधार हवा आणि दहानंतर आवाज बंद, त्यामुळे हे काम हेडफोनवर, पार्क बंद झाल्यावर, पावसाळी गर्दी कमी असताना करावे. टाकी रिकामी करून करायची कामे मात्र फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकावीत. जुन्या शोचा शेवटचा दिवस महिनाभर आधी जाहीर करावा. नव्या शोचे पहिले प्रयोग कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांना दाखवावेत, कॅमेरा पुन्हा प्रेक्षकांकडे वळवावा आणि सह्या घेतलेल्या त्या पाच-सहा क्षणांना मोबाइल वर जातात का, मुले उभी राहतात का, ते जुन्या चित्रणाशी ताडून पाहावे. एखाद्या क्षणाला काहीच हालचाल दिसली नाही, तर उद्‌घाटनाची तारीख पुढे ढकलून तो क्षण दुरुस्त करावा. जुन्या प्रसंगाची प्रोग्रॅम फाइल नव्या पंपांच्या वेळांना जुळवून पुढचे वर्षभर त्याच कंट्रोलरवर ठेवावी, आणि ती कशी चालवायची हे रात्रपाळीच्या ऑपरेटरला प्रत्यक्ष करून दाखवावे.